पाला सुटतो, तुरा अडकतो

धूर डोळ्यांत जाईल, जरा वाऱ्याच्या बाजूला सरका. मडक्यावर वाकू नका, तूप उडतं. साल १८३८ च्या आसपासचं, शहर कलकत्ता, महिना ऑक्टोबर. पाऊस गेलाय, पण ओल गेलेली नाही. सदरा पाठीला चिकटलाय, भिंतीला हात टेकला तर ओला होतो, बाहेरच्या गल्लीत गटाराचा, तळलेल्या माशांचा आणि घोड्यांच्या लिदीचा वास एकमेकांत मिसळून उभा आहे. इथे शेगडीपाशी मात्र त्या सगळ्यांना पुरून उरणारा एकच वास आहे: तुपात शिजणाऱ्या हिरव्या पाल्याचा. वाळलेल्या मेंदीला कुणी फोडणी घातल्यासारखा.

शेगडीसमोर उकिडवा बसलाय तो अमीर. शहरातल्या शौकिनांचा एक नावाजलेला अड्डा त्याच्या मालकीचा आहे आणि माजूम, म्हणजे भांगेच्या गोड वड्या, करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. मडक्यात पाला, तूप आणि पाणी आहे, खाली कोळसे. अमीर मडक्याकडे बघतसुद्धा नाही. त्याचं सगळं ध्यान कानात आहे. पाणी आहे तोवर मडकं नुसतं बुडबुडत राहतं. पाणी संपलं की कडेला लागलेलं तूप तडतडायला लागतं, आणि तो पहिला तड ऐकला की अमीरचा हात मडक्याकडे जातो. उशीर झाला तर पाला करपणार. गरम असतानाच फडक्यात ओतून तो पिळतो. फडक्याबाहेर हिरवट तूप येतं, आत चोथा राहतो. मग ते तूप पाण्याने धुवायचं, पाण्याला रंग येईनासा होईपर्यंत. दुसरीकडे साखरेचा पाक चढलाय. त्यात दूध घातलं की मळी वर येते, ती काढायची, पुन्हा थोडं दूध, पुन्हा मळी. शेवटी ते तूप पाकात घोटायचं, पसरट भांड्यात ओतायचं आणि थापटून वड्या पाडायच्या. चार रुपये शेर.

हात मागे घ्या. वडी गोड लागते आणि वासही छान येतो, खरी गोची तिथेच आहे. नवख्याला एवढासा तुकडा पुरतो, सरावलेल्याला त्याच्या तिप्पट लागतो. तो कोपऱ्यात स्टुलावर बसलेला गोरा माणूस हेच आत्ता वहीत उतरवून घेतोय. हे डॉक्टर विल्यम ब्रूक ओ'शॉग्नेसी. आयर्लंडच्या लिमरिक गावचे, वय तिशीच्या आतबाहेर, कंपनी सरकारच्या नोकरीत १८३३ मध्ये इकडे आलेले, आणि आता नव्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्राचे प्रोफेसर. साहेबांनी अमीरकडून ही कृती पुन्हा पुन्हा करवून घेतली आहे. अमीरला त्याचं आश्चर्य वाटत असणार. त्याच्या धंद्यात गिऱ्हाईक माल बघतं, हा माणूस मडकं बघतो.

बाजूच्या ओसरीवर चला, तिथे पिणारी मंडळी बसली आहेत. एकाने तळहातावर गांजा घेतलाय, त्यात चिमूटभर तंबाखू, पाण्याचे दोन-चार थेंब, आणि अंगठ्याने तो मळतोय. आपल्याकडच्या चिलीमबहाद्दरांनाही तेवढा मळून झाल्याशिवाय चैन पडत नाही. खाली तंबाखूचा थर, मधे गांजा, वर पुन्हा तंबाखू, त्यावर निखारा. हुक्का एकाकडून दुसऱ्याकडे जातो, प्रत्येकाला एकच दम. चार-पाच जणांत एवढा माल पुरतो. धूर घशाला खरवडून जातो, त्याची पहिली ओळख खोकल्याने होते. कुणी मोठ्याने बोलत नाही. दारूच्या गुत्त्यात जो आरडाओरडा असतो तो इथे नाही. इथे लोक एखाद्या माशीकडे बराच वेळ बघत बसतात आणि मग त्यावर हसतात.

साहेबाला एवढ्यावर समाधान नाही. त्याने पंडित मधुसूदन गुप्तांना विचारलंय, हुगळीच्या सय्यद करामत अलींना विचारलंय, तेहरानच्या एका हकिमाला विचारलंय. मधुसूदन गुप्त म्हणजे तेच, ज्यांनी १८३६ मध्ये कॉलेजात प्रेतावर सुरी चालवून जातभाईंचा रोष ओढवून घेतला. वैद्यकाच्या पोथ्यांमध्ये भांग कुठे कुठे आहे हे त्यांना पाठ आहे: शार्ङ्गधराने ती आधी अंगभर पसरणाऱ्या आणि मग पचणाऱ्या द्रव्यांत घातली, अफूच्या शेजारी. भूक, झोप, हगवण, दुखणं, सगळीकडे तिची वर्णी लागते. म्हणजे साहेब नवं काही शोधत नाहीये. नवीन आहे ती त्याची वही, त्याचं घड्याळ आणि त्याचा तराजू.

आता थोडं मजेचं. साहेबाच्या प्रयोगातल्या जनावरांकडे चला, नाकाला फडकं लावून. मध्यम आकाराचा एक कुत्रा आहे. त्याला नेपाळी चरस दिलाय, दहा ग्रेन. अर्धा तास गेला. कुत्रा पेंगतो, दचकून उठतो, कुणीही लाड केलेला नसताना शेपूट हलवतो, समोर ठेवलेलं अधाशासारखं खातो. हाक मारा त्याला. येतो, पण सरळ येत नाही. पाय एकीकडे, तोंड दुसरीकडे. सहा तासांनी हाच कुत्रा ठणठणीत असेल. साहेबाने मांजरं, डुकरं, मासे, गिधाडं, कावळे आणि कलकत्त्याच्या छपरांवर म्हाताऱ्या कारकुनासारखे उभे असणारे ते हरगिले पक्षी, सगळ्यांना देऊन पाहिलंय. मांस खाणारे झिंगतात. गाय, बकरी, मेंढी, घोडा, हरीण, माकड यांच्यावर मात्र जेमतेम परिणाम. बकरी तर, मला वाटतं, आणखी मागत असावी.

संध्याकाळ झाली. ६ नोव्हेंबर १८३८. कॉलेजच्या छोट्या इस्पितळात चला. एरंडेलाच्या दिव्याचा करपट वास, जखमांवरच्या पट्ट्यांचा आंबूस वास, कुणाच्या तरी खाटेखाली शिळा भात. डासांना हाकलू नका, संपायचे नाहीत. सांधेदुखीच्या तीन रोग्यांना दुपारी दोन वाजता गांजाच्या चिकाचा एकेक ग्रेन पाजलाय. चार वाजता निरोप आला की एकजण फार बोलायला लागलाय, गाणी म्हणतोय, जेवण जास्त द्या म्हणून ओरडतोय आणि मी एकदम बरा झालोय असं जाहीर करतोय. सहाला कळलं, तो झोपला. आठ वाजता ड्युटीवरच्या नवीनचंद्र मित्र या विद्यार्थ्याने घाईने चिठ्ठी पाठवली: ताबडतोब या.

साहेब धावत आलाय. तुम्ही खाटेच्या पायाशी उभे राहा, मधे येऊ नका. रोगी बेशुद्ध आहे, पण श्वास शांत, नाडी ठीक, अंग गरम नाही, दिवा जवळ नेला की बाहुली आकसते. साहेबाच्या कपाळावर घाम. आपण माणूस मारला की काय, हे त्याच्या तोंडावर वाचता येतं. ओकारीचं औषध तयार करायला सांगून तो सहज रोग्याचा हात उचलतो आणि सोडतो. हात खाली येत नाही. तसाच हवेत. साहेब दुसरा हात उचलतो, तोही राहतो. मग पाय. मग त्याला उठवून बसवतात, मान एका बाजूला वळवतात, हात आडवा करतात, बोटं वाकवतात. ठेवाल तसा राहतो, मेणाच्या बाहुलीसारखा. वॉर्डातले विद्यार्थी आता घाबरायचं विसरलेत.

या गडबडीने शेजारच्या खाटेवरचा दुसरा रोगी जागा झाला. त्या पुतळ्याकडे बघून त्याला आधी गंमत वाटली, आणि मग एकाएकी तो खो-खो हसत सुटला: चार भुतं माझी खाट घेऊन वर उडतायत! समजूत काढायला गेलं की हसू वाढतं. बघता बघता त्याचेही हातपाय ताठ झाले, वाकवाल तसे राहायला लागले. त्याला वेगळ्या खोलीत नेलं. दोन तासांत उतरला आणि प्रचंड भूक लागली म्हणाला. पहिला पहाटे एकच्या सुमारास हलला. तिसऱ्याला काहीच झालं नाही. तो शांतपणे हे सगळं बघत होता, आणि माझी खात्री आहे की त्या रात्रीची खरी हकिकत त्यालाच विचारायला हवी होती.

मग विद्यार्थीच म्हणाले, आम्हालाही द्या. त्यातला एक अगदी सालस, अबोल मुलगा. अर्काचे दहा थेंब. वीस मिनिटांत तो राजा झाला. दरबाऱ्यांना हुकूम सोडू लागला, वर्गातल्या एकालाही ओळखेना, आणि धर्म, राजकारण, विज्ञान अशा कुठल्याही विषयावर अशी काही वाणी चालवू लागला की प्राध्यापक थक्क. तीन तासांनी दरबार बरखास्त. उरली डोकेदुखी आणि मळमळ.

इथपर्यंत हसत आलात. आता साहेबाच्या घराच्या फाटकापाशी या, सकाळचे आठ वाजलेत. गाडीत हकीम अब्दुल्ला बसलेत. तीन आठवड्यांपूर्वी त्यांना पिसाळलेला कुत्रा चावला. काल संध्याकाळी तळ्याजवळून जाताना पाण्याकडे बघून ते दचकले, तेव्हापासून घोटभर पाणी जात नाही. ते स्वतः वैद्य, त्यामुळे त्यांना आपलं काय होणार हे तुमच्या-माझ्यापेक्षा नीट ठाऊक आहे. कपाळ थंड आणि ओलं, डोळे एका जागी ठरत नाहीत. पाण्याचा पेला पुढे केला तर सगळं अंग आक्रसतं. ते बघवत नाही. साहेबाने दर तासाला चिकाच्या गोळ्या सुरू केल्या. तिसऱ्या गोळीनंतर हकीमसाहेब मोकळे बोलायला लागले, या रोगावर कोण काय देतं यावर तज्ज्ञासारखी चर्चा करायला लागले. पाणी नकोच म्हणाले, पण संत्रं चोखून पाहतो. संत्रं आणलं. बघा, साल काढताना वास सगळीकडे सुटला. एक फोड तोंडात धरली, रस गिळला. दुसरी फोड. कुणी काही बोलत नाही, सगळे त्यांच्या घशाकडे बघतायत.

काही दिवसांनी ते गेले. या रोगातून त्या काळी कुणी वाचत नसे, आणि लक्षणं सुरू झाल्यावर आजही जवळजवळ कुणी वाचत नाही. गांजाने त्यांना बरं केलं नाही, त्या मरणातला छळ तेवढा कमी केला. साहेबानेही तेवढाच दावा केला, आणि मला तो माणूस आवडतो तो त्यामुळे. पुढच्या वर्षी झटके येणाऱ्या चाळीस दिवसांच्या एका बाळालाही त्याने थेंब मोजून हा अर्क दिला. ते बाळ वाचलं. एका बाळावरून काही सिद्ध होत नाही. पण २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने याच झाडातल्या कॅनाबिडिऑल या द्रव्याचं औषध मंजूर केलं, ते लहानपणी सुरू होणाऱ्या अपस्माराच्या दोन दुर्मिळ, हट्टी प्रकारांसाठी. त्या दोन घटनांच्या मधे १७९ वर्षं गेली.

ती का गेली, ते बघायला लंडनला एक उडी मारू. फार थांबायचं नाही, थंडी आहे आणि कोळशाचा धूर. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर पीटर स्क्वायर या औषधवाल्याच्या दुकानात काचेच्या बाटल्या ओळीने लावल्यात. ओ'शॉग्नेसीने सोबत आणलेल्या मालापासून काढलेला अर्क त्यात आहे. अर्धशिशी, पेटके, झोप न येणं, पोटातली कळ, डॉक्टर लिहून देतात. पण गल्ल्यावरची ती बाई काय म्हणतेय ऐका: मागच्या बाटलीने काही झालं नाही, या बाटलीने नवरा दिवसभर भिंतीशी बोलत होता. एका शेतातलं झाड, एका हंगामाचा माल, जहाजावरचे महिने, प्रत्येक बाटली वेगळी. शिवाय हा चीक पाण्यात विरघळत नाही, म्हणजे सुईने टोचता येत नाही. शेजारच्या कपाटातलं मॉर्फीन विरघळतं, मोजता येतं, लगेच लागू पडतं. डॉक्टर तिकडे वळले. झाडातलं नशा आणणारं मुख्य द्रव्य शुद्ध स्वरूपात हाती लागायला १९६४ उजाडलं. तोवर ब्रिटिश औषधसंहितेतून गांजा ३२ वर्षांपूर्वीच वगळलेला होता. आपल्या साहेबाचं म्हणाल तर तो भारतभर तारा ओढायला गेला. कलकत्त्याहून आग्रा, मुंबई, मद्रासपर्यंतची पहिली तारयंत्रं त्याच्या देखरेखीखाली उभी राहिली. एकाच आयुष्यात माणसाने किती धंदे करावेत.

चला, परत बंगालात, पण आता १८९३ चा हिवाळा. राजशाही जिल्ह्यातलं नौगाव. पहाटेचं धुकं इतकं दाट की बैलगाडी आधी ऐकू येते, मग दिसते. खजुराच्या झाडांना मडकी बांधलीत, रसाचा गोडसर वास. मोहरीचं पिवळं शेत ओलांडलं की एकदम वास बदलतो. तिखट, चिकट, थोडं डोकं जड करणारा. हा गांजामहाल. सरकारी परवान्याशिवाय इथे एक रोपसुद्धा लावता येत नाही. सरींवर ओळीने लावलेली झाडं, खालच्या फांद्या छाटून वर निमुळती होत गेलेली. शेणखत आणि पेंड खाऊन तरारलेली. पानांतून हात घाला. बोटं एकमेकांना चिकटतात आणि धुतली तरी दिवसभर चिकटत राहतात.

ओळीतून चाललाय त्याला वाट द्या. हा पोद्दार, याला गांजाचा डॉक्टरही म्हणतात. त्याचं काम एकच: नर झाडं ओळखून काढणं. तुम्हाला दोन झाडांत काही फरक दिसणार नाही. तो पेरापाशी वाकतो, कोवळा कोंब नखाने बाजूला करतो, क्षणभर बघतो, आणि कट्. झाड मोडतो, पुढे सरकतो. एक नर जरी नजरेतून सुटला आणि त्याचा पराग उडाला, तर मादीच्या तुऱ्यात बी धरतं आणि गांजाचा भाव पडतो. शेतकरी त्याच्यामागून चालतोय, तोंडातून शब्द नाही. वर्षभराची कमाई या माणसाच्या नखावर आहे.

दोन-तीन महिने पुढे सरकवू. झाडं कापून खळ्यावर आणली आहेत. उन्हात सुकवलेल्या फांद्या चटईवर पसरल्यात आणि माणसं अनवाणी पायांनी त्या तुडवतायत. चपट्या गांजासाठी दाबून तुडवायचं, गोल गांजासाठी तळपायाखाली लाटल्यासारखं फिरवायचं. चपला काढा, तुम्हीही या. पहिल्यांदा टोचतं, मग तुऱ्यातला चीक उन्हाने मऊ होतो आणि तळव्याला लागतो. धूळ उडते, सगळे शिंकतायत. जो चुरा खाली पडतो तो झाडून फेकत नाहीत. तो सगळ्यात महाग, चूर म्हणून वेगळा विकतात. चपटा, गोल, चूर, तिघांवर कराचे दर वेगवेगळे.

आणि पाला? तो या खळ्यावर कुणाला नकोय. भांगेसाठी पाला मिळतो तो हिमालयाच्या पायथ्याशी आपोआप उगवणाऱ्या झाडांचा. त्याला ना पोद्दार लागतो, ना खत. चरस म्हणजे नुसता चीक, तो आणखी वेगळ्या वाटेने येतो. ओ'शॉग्नेसीने लिहून ठेवलंय की मध्य हिंदुस्थानात कातडी कपडे घातलेली माणसं शेतातून अंग घासत पळतात आणि मग कपड्यांवरचा चीक खरवडून काढतात; नेपाळात कपड्यांचाही खर्च वाचवून उघड्या अंगावरच तो गोळा करतात. अंगाला काय खाज सुटत असेल! एकाच झाडाचे तीन माल, तीन वेगळ्या हातांतून गेलेले, तीन वेगळ्या किमतींचे. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

नौगावच्या गोदामाच्या ओट्यावर वजनकाटा आहे. शेतकऱ्याला आपला माल गावात कुणालाही विकता येत नाही. घाऊक घेणाऱ्याने आपल्या जिल्ह्याचा पास आणायचा, काट्यावर वजन, गासडी बांधायची, लाखेचं सील. लाखेचा जळका वास, कारकुनाच्या बोरूचा कुरकुर आवाज, बाहेर गाडीवानांची भांडणं. पुढे किरकोळ दुकानं लिलावात जातात, जास्त बोली लावणाऱ्याला वर्षाचा ठेका. सरकारला गांजा बंद व्हावा अशी घाई मुळीच नाही. सरकारला त्याचा हिशेब हवाय.

विलायतेत मात्र काही सद्गृहस्थांना घाई आहे. पार्लमेंटात प्रश्न विचारला गेला, आणि ३ ऑगस्ट १८९३ रोजी कलकत्त्यात एक कमिशन बसलं. अध्यक्ष मॅकवर्थ यंग, एकूण सात सभासद, त्यातले तीन हिंदी. त्यांनी सत्तर प्रश्नांची यादी छापून देशभर वाटली आणि मग स्वतः गावोगाव फिरले. मागच्या बाकावर बसा, खुर्च्या भरल्यात. पंखा ओढणारा पोऱ्या पेंगतोय. एका मागोमाग एक साक्षीदार: मिशनरी, तहसीलदार, वैद्य, बैरागी, गांजाचा ठेकेदार, पोलीस. बैराग्याला विचारतात, सवय सुटते का? तो म्हणतो, सुटते, पण सोडायची कशाला? अशा १,१९३ साक्षी झाल्या. आपल्या मुंबई इलाख्यातही कमिशन आलं. इथला गांजा मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यात पिकत होता, त्यामुळे नगरच्या शेतकऱ्याला हे सत्तर प्रश्न पुस्तकी वाटायचं कारण नव्हतं.

त्यांनी केलेलं एक काम मला सगळ्यात हुशारीचं वाटतं. गांजाने वेड लागतं, याचा पुरावा म्हणून वेड्यांच्या इस्पितळांचे आकडे दाखवले जात. कमिशन त्या नोंदवह्यांमागे गेलं. तुम्हीही चला, रात्री फाटकाशी थांबा. शिपाई रस्त्यात सापडलेला एक माणूस घेऊन येतो. नाव? ठाऊक नाही. गाव? ठाऊक नाही. वेडाचं कारण? तो रकाना रिकामा ठेवून चालत नाही. शिपाई त्या माणसाकडे बघतो, त्याच्या जटांकडे बघतो, आणि म्हणतो: गांजा. कारकून लिहितो: गांजा. वर्षाअखेरीला हे सगळे गांजा मोजून वरती पाठवतात आणि विलायतेत भाषण होतं. कमिशनने १८९२ सालच्या नोंदी एकेक करून पुन्हा तपासल्या, तेव्हा त्यातल्या बऱ्याचशा टिकल्या नाहीत. अतिरेकाने नुकसान होतं, आणि ज्यांची मनं आधीच नाजूक त्यांना जास्त होतं, हेही त्यांनी स्वच्छ लिहिलं. बेतशीर वापराने सहसा काही बिघडत नाही, सरसकट बंदी नको, कर लावा, परवाने द्या, लक्ष ठेवा, असा १८९४ चा निवाडा.

आता आजच्या बनारसला उतरा. गल्लीत सरकारी परवान्याचं भांगेचं दुकान आहे, दारावर पाटी आहे, आणि पाट्यावर हिरवा लगदा वाटला जातोय. घंटा, गाईचं शेण, झेंडू, ठंडाईतली बडीशेप. तुमच्या हातात गोळी ठेवली जाते. उघड्यावर, पोलिसासमोर. कशी काय? १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात झाडाची व्याख्या करताना चरस घेतला, फुलांचे आणि फळांचे तुरे घेतले, आणि तुऱ्यासोबत नसलेली पानं आणि बिया सोडून दिल्या. एक किलोपर्यंत गांजा म्हणजे कमी, वीस किलोच्या वर म्हणजे व्यापारी, आणि मग दहा ते वीस वर्षांची शिक्षा. चरसाचा काटा त्याहून दसपट-वीसपट बारीक: १०० ग्रॅम आणि एक किलो. संसदेतल्या पंडितांची ही शक्कल नव्हे. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातही पाला असाच बाहेर ठेवला होता, आणि त्याच्याही आधी नौगावच्या खळ्याने आणि कलकत्त्याच्या बाजाराने हे तीन माल वेगळे मोजले होते. पोद्दारचं नख जिथे पडायचं, कायद्याची रेघ साधारण तिथेच आहे. म्हणून भांगेच्या पुडीत चुकून दोन तुरे निघाले की वकिलांची पंचाईत होते: आता हा पाला की गांजा? प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत माणूस आत.

डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने या झाडाला सर्वांत कडक यादीतून काढलं, औषधी उपयोग मान्य करून. २७ विरुद्ध २५ मतं पडली, त्यातलं एक हो भारताचं होतं. इकडे कायद्यातली रेघ होती तिथेच राहिली.

गाडीची वेळ झाली. मुंबईची गाडी इटारसीवरून खांडव्याला येईल. तिथेही कमिशनच्या काळी परवान्याने गांजा पिकायचा, आता फलाटावर चहा आणि भजी मिळतात. गोळी अजून खिशात असेल तर बऱ्हाणपूर यायच्या आत तिचं काय ते ठरवा. रावेर लागलं की तुम्ही महाराष्ट्रात, आणि इथे १९४९ चा दारूबंदी कायदा पाल्यालाही सोडत नाही. परवाना आहे का, असं कुणी विचारलं तर बनारसच्या दुकानाची पाटी इथे चालत नाही, हे त्याला ठाऊक असतं.